कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर आधी काय कराल?

कालपर्यंत व्यवस्थित चालणारा घरातला लॅपटॉप आज सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पेज समोर येतं. काही काम चालू नसतानाही पंखा घरघरत राहतो. मुलांचे प्रोजेक्ट, जुने कौटुंबिक फोटो, इन्कम टॅक्सची कागदपत्रं, बँकेचं लॉगइन असं सगळं याच एका मशीनमध्ये असतं.

अशा वेळी बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. ‘चालतोय ना, मग राहू दे’ म्हणून दुर्लक्ष केलं जातं, नाहीतर लगेच दुकानात नेऊन फॉरमॅट मारला जातो. पहिल्यात पैसे जाण्याची भीती, दुसऱ्यात फोटो जाण्याची. खरं तर बरेचसे मालवेअर घरच्या घरी काढता येतात. फक्त आधी काय आणि नंतर काय, हा क्रम चुकता कामा नये.

आधी इंटरनेट तोडा

मालवेअर म्हणजे त्रास देण्यासाठी किंवा चोरी करण्यासाठी बनवलेला प्रोग्राम. व्हायरस हा त्याचाच एक प्रकार. काही मालवेअर नुसत्या जाहिराती दाखवतात, काही पासवर्ड चोरतात, तर काही फाइल्सना कुलूप लावतात. चोरलेली माहिती बाहेर जाते ती इंटरनेटवरूनच. म्हणून संशय येताच वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. जोडलेला पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्कही काढून ठेवा.

पासवर्ड बदला, पण फोनवरून

घाबरून अनेकजण त्याच कॉम्प्युटरवर बसून बँकेचा पासवर्ड बदलतात. पण दाबलेलं प्रत्येक बटण टिपून घेणारा प्रोग्राम आत बसला असेल, तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जातो. त्यामुळे हे काम फोनवरून किंवा दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून करा.

सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच येते. मग बँक आणि सोशल मीडिया. प्रत्येक ठिकाणी सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट होण्याचा पर्याय निवडा. काही मालवेअर ब्राउझरमधलं चालू लॉगइनच चोरतात, मग चोराला पासवर्डची गरजही पडत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

स्क्रीनवरचा नंबर फिरवू नका

कधी कधी अचानक सायरन वाजतो आणि ‘तुमचा कॉम्प्युटर ब्लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज झळकतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. बहुतेक वेळा तो व्हायरसही नसतो, फक्त घाबरवणारं वेब पेज असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचा ताबा देणारं कोणतंही अॅप घेऊ नका.

आता स्कॅन करा

विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर मोफत मिळतो. ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये जा. काही मिनिटांपुरतं इंटरनेट जोडून अपडेट घ्या, मग पुन्हा तोडा. ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून आधी ‘फुल स्कॅन’ करा. याला काही तास लागू शकतात.

त्यानंतर ‘ऑफलाइन स्कॅन’ करा. यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चिवट मालवेअरला लपायला जागा उरत नाही. याला साधारण १५ मिनिटं लागतात. उघडी कामं आधी सेव्ह करून ठेवा.

आणखी खात्री हवी असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत टूल्स आहेत. सर्ट-इन या संस्थेने हे केंद्र २०१७ मध्ये सुरू केलं. मात्र दोन अँटीव्हायरस कायम एकाच वेळी चालू ठेवू नका, ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

ब्राउझर विसरू नका

स्कॅन स्वच्छ येऊनही जाहिराती थांबत नसतील तर ब्राउझर तपासा. आपण न घेतलेली एक्स्टेन्शन्स काढून टाका. कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिराती अनेकदा कुठल्या तरी साइटला ‘अलाउ’ म्हटल्यामुळे येतात. सेटिंग्जमधल्या नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती परवानगी काढा.

पेनड्राइव्हमध्ये फक्त शॉर्टकट दिसतात?

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणली आणि पेनड्राइव्हमधल्या फाइल्स गायब, हा अनुभव अनेकांना आहे. लगेच फॉरमॅट करू नका. अनेकदा मूळ फाइल्स तिथेच असतात, फक्त लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता आधी पेनड्राइव्ह स्कॅन करा. मग ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ सुरू करून पाहा. तरीही काही दिसलं नाही तर फॉरमॅटआधी जाणकाराला दाखवा.

फाइल्सना कुलूप लागलं तर

फोटो उघडत नाहीत आणि पैसे मागणारी चिठ्ठी दिसते, तर ते रॅन्समवेअर आहे. पैसे दिले तरी फाइल्स परत मिळतीलच याची खात्री नाही. युरोपोलसह काही संस्थांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांच्या चाव्या मोफत मिळतात. चावी आज नसेल तरी कुलूपबंद फाइल्सची प्रत जपून ठेवा, पुढे कधी तरी ती येऊ शकते.

फॉरमॅट करावाच लागला तर

सगळं करूनही त्रास थांबला नाही, तर विंडोज नव्याने टाकणंच शहाणपणाचं. त्याआधी फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. प्रोग्राम आणि डाउनलोड केलेले सेटअप घेऊ नका, नाहीतर मालवेअरही सोबत येईल. परत टाकण्यापूर्वी ती डिस्क स्कॅन करा. कॉम्प्युटर दुकानात देणार असाल तर फॉरमॅटआधी फोटोंची प्रत निघाली का, हे स्वतः पाहून घ्या.

पुन्हा शिरू नये म्हणून

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभर धुमाकूळ घातला. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य कॉम्प्युटरवर ती घेतलेलीच नव्हती. तेव्हा अपडेट पुढे ढकलू नका. विंडोज १० चा नियमित मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, शक्य असल्यास ११ वर जा. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर आणि गेम टाळा, फुकटच्या मोहातूनच मालवेअर घरात येतो. आणि महिन्यातून एकदा फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवा. कॉम्प्युटर नवा घेता येतो, आजीआजोबांचा तो एकमेव फोटो नाही.