खर्जाला बोलते करायचे, म्हणजे काय?

वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला तुम्ही कधी ना कधी गेलाच असाल. गाणारे पुढे, व्हायोलिनवाले एका अंगाला, तबला-ढोलकी दुसऱ्या अंगाला. आणि अगदी मागे, ड्रमच्या आडोशाला, चार जाड तारांचे गिटार गळ्यात अडकवून एक गृहस्थ उभा असतो. तो काय वाजवतो ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो थांबला, की मात्र गाणे एकाएकी पोकळ वाटू लागते. वाचकहो, तो गृहस्थ म्हणजे मी, आणि ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

हे वाद्य तसे वयाने फार मोठे नाही. माणसाच्या उंचीपेक्षाही मोठा असा उभा कॉन्ट्राबास वाहून नेता नेता वादक मेटाकुटीला येत. त्यांच्यासाठी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांनी 1951 साली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. पडदे बसवल्यामुळे सूर नेमका लागे, म्हणून ते नाव. 1960 साली त्याचा धाकटा भाऊ ‘जॅझ बेस’ आला. माझे वाद्य त्याच घराण्यातले आहे: दोन पिकअप, त्या दोघांच्या आवाजाची दोन बटणे आणि टोनचे एक.

आता मुद्द्याची गोष्ट. माझे वाद्य ‘पॅसिव्ह’ आहे. म्हणजे त्याच्या पोटात बॅटरी नाही. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. वर लोखंडी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि तेवढेच आमचे भांडवल! बॅटरीच्या वाद्यात आवाजात भर घालता येते. आमच्या बटणांना फक्त वजाबाकी येते. मध्यमवर्गीय वाचकाला हे फोड करून सांगायला नको. पगार ठरलेला असतो. सणाला चार पैसे हवे असतील तर ते आधीच्या महिन्यांत शिल्लक टाकावे लागतात.

हे हिशेबाचे ज्ञान उपयोगी पडायची वेळ दोन वर्षांपूर्वी आली. आमच्या कार्यक्रमात मला एकट्याने वाजवायला आठ बारांचा एक तुकडा असतो. सगळ्या रात्रीत तेवढाच माझा. आमचे तरुण चालक एकदा तालमीनंतर जवळ येऊन म्हणाले, “काका, राग मानू नका. तुमचा पीस मागच्या खुर्च्यांना कळतच नाही. गणपतीनंतर तो काढून टाकू या.” ध्वनिक्षेपकवाल्याने त्यावर साधा उपाय केला: माझा आवाज वाढवून दिला. सभागृहाच्या खिडक्या थरथरल्या, पण सूर काही कळेना.

कळणार कसा? बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 41 कंपने करते. इतक्या खालच्या सुराला आपला कान मंद असतो. सूर ओळखू येतो तो बराचसा त्याच्या वरच्या उपस्वरांमुळे. तानपुऱ्याची जवारी आठवा. घोडीवरचा दोरा जागेवर सरकवला की तीच तार बोलू लागते. काढला की मुकी. टोनचे बटण बंद करणे म्हणजे हा दोरा काढून घेण्यासारखेच आहे. त्या बटणाला जोडलेला कपॅसिटर वरचे स्वर जमिनीत मुरवून टाकतो आणि उरतो तो घुमारा.

म्हणून मी हिशेब उलटा मांडला. तालमीत आधी दोन्ही आवाजाची बटणे पूर्ण उघडून, सोलोला हवा तेवढा आवाज अॅम्प्लिफायरवर लावून घ्यायचा. मग साथीसाठी बटणे दहावरून साताठावर आणायची आणि टोन निम्मा मिटायचा. यात एक आयती सोयही आहे. पॅसिव्ह वाद्याचा आवाज बटणाने उतरवला की लांब केबलमुळे वरचे स्वरही थोडे मावळतात. साथीला तो मऊपणा शोभतोच. सोलोला बटण उघडले की आवाज आणि तेज दोन्ही एकदम परत येतात. टोन मात्र मी पाऊणच उघडतो. सगळा उघडला तर बोटांची खरखर सुरांच्या आधी ऐकू जाते.

खरी किल्ली दोन पिकअपमध्ये आहे. दोन्ही सारखे उघडे असले की आवाज गोड, पण मधल्या भागात जरा पोकळ येतो. मानेकडचा पिकअप थोडा उतरवा; घोडीकडचा पुढे येतो आणि आवाजाला गळा फुटतो. अमेरिकन वादक जॅको पास्टोरियस यांचे ‘हेवी वेदर’ या 1977 च्या ध्वनिमुद्रिकेतले वादन ऐका. पडदे काढून टाकलेला जॅझ बेस आणि घोडीकडच्या पिकअपवर भर. खर्ज चक्क गातो! याला किंमत पडते ती एवढीच, की दोन्ही पिकअप सारखे नसले की गुणगुण सुरू होते. ट्यूबलाइटजवळ तर विचारूच नका.

अर्थात सगळे बटणांवर ढकलण्यात अर्थ नाही. उजवा हात चार बोटे घोडीकडे सरकवला तरी स्वर टणक होतो. डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन एकाच तर्जनीने आणि जुन्यापुराण्या गुळगुळीत तारांवर वाजवत. बटणांपेक्षा बोटाचा पराक्रम मोठा. शिवाय तुकडा वरच्या पडद्यांवर नेला, ड्रमवाल्याला झांजा जरा सांभाळायला सांगितल्या, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात आठ बार मांडीवर ठेवायला लावला. हे शेवटचे काम सर्वांत अवघड गेले.

गणपतीतला कार्यक्रम झाला. चालक काही बोलले नाहीत. पुढच्या तालमीच्या कागदावर मात्र माझ्या तुकड्यापुढे आठाच्या जागी सोळा लिहिले होते.

हौशी मंडळींसाठी एक सांगायचे राहिले. सोलो संपताच बटणे परत मागे आणायची असतात, नाहीतर गाणारी बाई वळून बघते. अंधारात आकडे दिसत नाहीत. म्हणून मुलीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका बटणावर आणि एक शेजारच्या पत्र्यावर लावून ठेवला आहे. शेवटचा सूर लांबवत असताना करंगळीने बटण फिरवायचे आणि ठिपक्याला ठिपका भिडला की थांबायचे.