गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला लेखी उत्तर

नवी मुंबईत सानपाड्याच्या शेजारी, वाशी-तुर्भ्यात, मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या बाजारपेठा आहेत. क्रॉफर्ड मार्केटमधला फळांचा घाऊक व्यापार १९९६ मध्ये इथे हलला. तेव्हापासून कोकणातल्या हापूसची पेटी मुंबईकराच्या घरी पोचते ती बहुधा इथूनच. बागायतदार, अडत्या, घाऊक खरेदीदार, कोपऱ्यावरचा फळवाला अशा चार हातांतून आंबा फिरतो, त्यामुळे खाणाऱ्याला बागायतदाराचे नाव कळत नाही आणि बागायतदाराला खाणाऱ्याचे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. थेट विक्रीची वाट अशी रुंदावली आणि अनेकांनी फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅपवर दुकान मांडले. मध्यस्थ गेला, असे यावरून वाटते. खरे तर तो फक्त बदलला.

इन्स्टाग्रामवर टाकलेला मजकूर आपल्या अनुयायांपैकी किती जणांना दिसावा, हे विक्रेता ठरवत नाही, कंपनी ठरवते. जास्त लोकांना दाखवायचा तर पैसे मोजायचे. ही नवी अडतच झाली. शिवाय ही पेढी कधी बंद होईल याचाही भरवसा नाही. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. जून २०२० मध्ये भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि तिथे अनुयायी जमवून बसलेल्यांची सगळी मिळकत एका रात्रीत गेली. म्हणून लहान व्यावसायिकाने स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ घ्यावे, त्यावर नियमित लिहावे, म्हणजे ब्लॉग चालवावा, आणि ते लेखन फीडमधून (ते काय, हे पुढे येईल) वाचकापर्यंत पोचवावे. समाजमाध्यमे सोडायची गरज नाही, पण तिथून गिऱ्हाईक आपल्या पत्त्यावर यायला हवे.

लिहून माल विकण्याची रीत मराठी उद्योगाला नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नुसत्या जाहिरातीने असा समज हटत नाही. त्यासाठी पुन्हा पुन्हा समजावून सांगावे लागते. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली कारखान्याचे हे पत्र वाढत गेले, ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि पुढे ‘स्त्री’ व ‘मनोहर’ ही भावंडेही त्याला मिळाली. अमेरिकेत शेतीची अवजारे बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्येच शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ हे नियतकालिक काढले होते. दोन्हीकडे सूत्र एकच होते: वाचकाला उपयोगी पडेल असे काही द्यायचे, म्हणजे कंपनीचे नाव त्याच्या लक्षात आणि विश्वासात राहते. तेव्हा यासाठी छापखाना आणि टपालखर्च लागत असे. ब्लॉगने तो खर्च जवळपास संपवला.

ब्लॉगवर लिहायचे काय? गिऱ्हाईक विचारते तेच. आंबा विकणाऱ्याला प्रश्न ठरलेले असतात: हा खरा हापूस की कर्नाटकचा, गवताच्या आढीत पिकवला की औषधाने, कापल्यावर साका (गरातला खराब भाग) निघाला तर काय? फळे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास आपल्याकडे बंदी आहे, तर ठरावीक मर्यादेत इथिलीन वायूला परवानगी आहे. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो. साका बाहेरून ओळखता येत नाही, हे आधीच लिहून बदली फळाचा नियम सांगणारा विक्रेता ‘आमचाच आंबा सर्वोत्तम’ म्हणणाऱ्यापेक्षा विश्वासार्ह ठरतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या मार्कस शेरिडन यांचा पोहण्याचे तलाव बांधण्याचा धंदा २००८-०९ च्या मंदीत बुडायला आला होता. त्यांनी ग्राहकांच्या प्रश्नांची उत्तरे संकेतस्थळावर लिहायला घेतली. इतर व्यावसायिक टाळत तो ‘खर्च किती येतो’ हा प्रश्नही सोडला नाही. या लेखनाने धंदा सावरला. सानपाड्यातला दंतवैद्य, केटरर किंवा क्लासचालक यांनाही हेच लागू आहे: रूट कॅनॉलला किती फेऱ्या लागतात, पन्नास पानांच्या जेवणाला किती खर्च येतो, एवढे सरळ लिहिले तरी पुष्कळ झाले.

लिहिलेले वाचकापर्यंत नेण्याचे काम फीड करते. संकेतस्थळावर ठरलेल्या पत्त्यावर एक छोटी फाइल असते. तिच्यात प्रत्येक नव्या लेखाचे शीर्षक, तारीख, सारांश आणि दुवा आपोआप नोंदला जातो. वाचकाचे अ‍ॅप ठरावीक वेळाने ती फाइल तपासते आणि नवे काही असेल तर दाखवते. वर्डप्रेससारख्या प्रणालीत ही फाइल आपोआप तयार होते, मालकाला वेगळे काही करावे लागत नाही. वाचकालाही फोन नंबर किंवा ईमेल द्यावा लागत नाही. वैयक्तिक माहिती गोळा करणाऱ्यावर २०२३ च्या कायद्याने जबाबदारी टाकली आहे, आणि जिथे माहिती मागितलीच जात नाही त्या वाटेवर हे ओझे कमीच राहते.

यावर पहिला आक्षेप असा की फीड कोण वाचतो. २०१३ मध्ये गूगलनेच फीड वाचण्याची आपली ‘रीडर’ ही सेवा बंद केली. आक्षेपात तथ्य आहे, फीड वाचक हाताळणारे लोक थोडेच आहेत. पण पॉडकास्टचे नवे भाग श्रोत्याच्या फोनवर येतात ते फीडमधूनच, आणि तीच फाइल वापरून नवा लेख ईमेलने किंवा टेलिग्रामवर आपोआप पाठवता येतो. वाचकाला नाव ठाऊक नसले तरी यंत्रणा चालू असते. दुसरा आक्षेप: व्हॉट्सअ‍ॅप असताना हे कशाला? रोजच्या ऑर्डरी घ्यायला व्हॉट्सअ‍ॅप उत्तमच. पण साध्या अ‍ॅपमधल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, तेही ज्यांनी तुमचा नंबर साठवला आहे असेच. आणि आजचा संदेश उद्या शंभर संदेशांखाली जातो. लेख मात्र पुढच्या हंगामातही शोधणाऱ्याला सापडतो.

प्रतिस्पर्धी माहिती उचलतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. आढी कशी घालतात हे कोकणात कोणापासून लपलेले नाही. ते गिऱ्हाइकाला सांगण्याची तसदी मात्र थोडेच घेतात. सर्वांत वजनदार आक्षेप वेळेचा आहे. दुकान सांभाळणाऱ्याने रोज लिहावे ही अपेक्षा अवाजवी आहे आणि जबरदस्तीने लिहिलेले वाचवतही नाही. महिन्याला एक लेख, गिऱ्हाइकाने खरोखर विचारलेल्या एका प्रश्नावर, हे मात्र जमण्याजोगे आहे. वर्षाला बारा उत्तरे जमतात, आणि दुकानात तेच तेच समजावण्यात जाणारा वेळ त्यातून वाचतो. यंत्राने लिहिलेल्या गुळगुळीत मजकुराचा आता पूर आला आहे. अशा वेळी यंदा पाऊस लांबल्याने मोहोर का उशिरा आला, हे स्वतःच्या बागेवरून सांगू शकणारा माणूस बाजारात दुर्मीळ ठरेल. लेखनातून झटपट विक्री होईल असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दोन-तीन हंगामांची तयारी असेल त्यानेच या वाटेला लागावे.