विश्लेषण : ढगांतून येणाऱ्या विमानाला आपला ठावठिकाणा कसा कळतो?

पनवेल तालुक्यातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी विमानसेवा सुरू झाली. या परिसरात एकीकडे खाडी, तर दुसरीकडे माथेरान, प्रबळगड आणि कर्नाळ्याचे डोंगर आहेत. पावसाळ्यात ते ढगांत बुडाले, की आपण नेमके कुठे आहोत हे वैमानिकाला कळते कसे?

दिशा कशी समजते?

कर्नाळ्याचा सुळका दक्षिणेला आणि माथेरान पूर्वेला दिसत असेल, तर तुम्ही पनवेल परिसरात आहात. दोन खुणांच्या रेषा जिथे छेदतात, तिथे आपण! विमानासाठी अशा खुणांचे काम ‘व्हीओआर’ ही जमिनीवरील रेडिओ केंद्रे करतात. एफएम रेडिओला लागून असलेल्या १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात ती दोन संकेत पाठवतात. एक सर्व दिशांना सारखा असतो. दुसरा सेकंदाला ३० फेऱ्या घेतो आणि दिशेनुसार बदलतो. दोन्हींतील फरकावरून विमान केंद्रापासून कोणत्या अंशावर आहे, हे कळते.

आणि अंतर?

ते ‘डीएमई’ सांगते. विमानाने संकेत पाठवला, की केंद्र ठरलेल्या ५० मायक्रोसेकंदांनी उत्तर देते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते. त्यामुळे उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. दिशा आणि अंतर दोन्ही मिळाले, तर एकच केंद्र पुरते.

पडताळणी राहिली तर?

७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण ठार झाले. मुंबई प्रत्यक्षात होती त्यापेक्षा जवळ आली, असे समजून वैमानिकाने विमान आधीच खाली आणले होते. उपलब्ध रेडिओ साधनांनी स्थान पडताळले गेले नाही, असा ठपका चौकशीत ठेवण्यात आला.

जीपीएस असताना ही केंद्रे कशाला?

उपग्रहांचे संकेत जमिनीजवळ पोहोचेपर्यंत फार क्षीण होतात. ते दाबता येतात, त्यांच्या जागी खोटे संकेतही पाठवता येतात. ‘डीजीसीए’ने नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांना याबाबत सावध केले. दिल्ली विमानतळाजवळ काही विमानांना असे खोटे संकेत मिळाल्याचे सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत सांगितले. म्हणूनच जमिनीवरील केंद्रांचे किमान जाळे राखले जाते. जीपीएस दगा देईल, तेव्हा आधार याच केंद्रांचा असतो.