चपटा दिवा, मंद उजेड

बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागलं की आधी उद्यमबाग, मग पिरनवाडी. जांबोटीचा फाटा इथूनच फुटतो. उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहती दोन्ही अंगांना असल्यामुळे कामाच्या पाळ्या इथल्या घरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. कुणी निजलेलं असतं, तेव्हा कुणी दुसरी पाळी संपवून दार लोटत असतं. मोठा दिवा लावावा तर झोपमोड, न लावावा तर चाचपडणं. इलेक्ट्रोल्युमिनेसंट दिवा अशाच घरांच्या कामाचा आहे.

या दिव्यात ना तार तापते, ना वायू पेटतो. दोन विद्युतवाहक थरांमध्ये झिंक सल्फाइडची भुकटी असते आणि तिच्यात किंचित तांबं मिसळलेलं असतं. वरचा थर पारदर्शक. प्रत्यावर्ती वीज दिली की सगळा पृष्ठभाग हिरवट-निळा उजळतो. पट्टी कात्रीने कापली तरी जोडणीकडचा तुकडा पेटलेलाच राहतो. हात लावला तर गार!

फ्रान्सच्या जॉर्ज देस्त्रियो यांनी 1936 मध्ये हा परिणाम नोंदवला. 1960 च्या क्रायस्लर मोटारींचे डॅशबोर्ड याच प्रकाशाने उजळले, अपोलो यानाच्या संगणकाचे आकडेही. 1992 मध्ये टायमेक्सने तो मनगटी घड्याळात आणला.

भिंतीच उजळतील, बल्ब लागणारच नाहीत, अशी आशा मध्यंतरी होती. हिशेब मात्र आडवा आला. 9 वॉटच्या एलईडी बल्बएवढा उजेड अशा पट्टीतून हवा असेल, तर प्लायवूडच्या आठ बाय चारच्या अख्ख्या शीटएवढं क्षेत्र लागेल. विजेची वारंवारता वाढवली की उजेड वाढतो, पण आयुष्य घटतं. काही हजार तासांत तेज निम्म्यावर येतं.

खोली उजळण्याचं काम त्याच घराण्यातल्या एलईडीने केलं. तिथेही विजेपासून थेट प्रकाशच होतो, फक्त भुकटीऐवजी अर्धवाहकाच्या जोडात. केंद्राची उजाला योजना जानेवारी 2015 मध्ये आली, कर्नाटकात ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘होस बेळकु’ नावाने सुरू झाली आणि 9 वॉटचे बल्ब घरोघर पोचले.

म्हणून चपटा दिवा मोडीत काढायचं कारण नाही. वाचायला, भाजी निवडायला तो कुचकामी, हे खरं. पण जिन्याच्या पायरीची कड, स्विचबोर्ड, न्हाणीघराचा उंबरा एवढंच दिसायला हवं असतं, तिथे एलईडीचा टोचरा ठिपका कशाला? रात्रदिव्याची छोटी चकती घरच्या 230 व्होल्टवर चालते आणि वॉटचे जेमतेम काही शतांश खाते. ती रात्रभर जळाली तरी बिलात जाणवणार नाही. निजलेल्याच्या डोळ्यांवरही ती येत नाही.

तिचा खरा वैरी ओल. दमटपणा आत शिरला की भुकटी काळवंडते, आणि बेळगावचा पावसाळा काही लेचापेचा नाही. त्यामुळे पट्टी घेताना उजेडाआधी कडा पाहाव्यात. त्या प्लॅस्टिकच्या आवरणात पक्क्या बंद हव्यात, आणि घरी कापलेली कड तर उघडी ठेवूच नये. तिथे ओल शिरते, शिवाय विजेचा धक्काही बसू शकतो.