सरस सुटतो तेव्हा

भोरमधल्या एका जुन्या घरातले लिहिण्याचे टेबल दुरुस्त करायचे होते. कित्येक पावसाळे सोसलेल्या त्या टेबलावर जागोजागी फुगे आले होते आणि एका कडेला लाकडाचा पातळ पापुद्रा उचलला गेला होता. मी पटाशी घेऊन तो खरवडू लागलो. पापुद्रा सुटण्याऐवजी त्याच्या चिरफळ्या निघाल्या आणि खालच्या लाकडात खड्डे पडले. शेजारचे सुतारकाका बघत होते. ते म्हणाले, "साहेब, लाकडाशी भांडू नका. आधी सरस सोडवा."

त्यांनी फडके भिजवून पिळले, पापुद्र्यावर पसरले आणि वरून गरम इस्त्री काही क्षण टेकवली. मग पुट्टीची बोथट पत्ती हळूच आत सरकवली. पापुद्रा अखंड सुटत आला. पटाशीला जे जमले नाही, ते वाफेने कसे केले?

हा पापुद्रा म्हणजे व्हिनियर. साध्या लाकडावर उंची लाकडाचा पातळ थर चिकटवतात, तो हा. जुन्या कामात, करवतीने कापलेला थर एक-दोन मिलिमीटर जाड असे. हल्ली यंत्राने काढलेला थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. आपले टेबल अख्ख्या लाकडाचे आहे की व्हिनियरचे, हे कडेवरून कळते. फळीच्या टोकाला वरच्या रेषांशी जुळणारे लाकूड दिसले तर ती अख्खी; वेगळा थर दिसला तर व्हिनियर.

जुने सुतार व्हिनियर सरसाने चिकटवत. सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे उकळून काढलेले प्रथिन. कातडीतल्या कोलॅजेनचा रेणू तीन साखळ्यांच्या पिळलेल्या दोरीसारखा असतो. उकळल्यावर पीळ सुटतो. थंड होताना साखळ्या पुन्हा काही ठिकाणी एकमेकींत गुंततात आणि मुख्यतः हायड्रोजन बंधांनी धरल्या जातात. हे बंध एकेकटे दुबळे, पण संख्येने प्रचंड, म्हणून वाळलेला सरस घट्ट धरतो. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली, की पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, बंध सुटतात आणि सरस पुन्हा मऊ होतो. मात्र तो फार उकळला तर साखळ्याच तुटतात आणि चिकटपणा जातो. म्हणूनच सुतार सरसाचे भांडे थेट विस्तवावर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवत.

आता फुग्यांकडे वळू. लाकूड ओलाव्याने रेषांच्या आडव्या दिशेत फुगते. लांबीत जवळजवळ फुगत नाही. भोर-वेल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून असल्याने तिथे पावसाळ्यात हवा आर्द्र असते आणि उन्हाळ्यात कोरडी. वरचा थर फुगू पाहतो, खालचे लाकूड त्याला धरून ठेवते. दमट हवेने सरसाची पकड ढिली झाली, की जागा न मिळालेला थर वर उचलला जातो. सरस प्रथिन असल्याने ओल टिकल्यास बुरशीही त्यावर वाढते.

पण प्रत्येक व्हिनियर सरसाने चिकटवलेले नसते. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आले. अशा पांढऱ्या डिंकात पॉलिव्हिनाइल ॲसिटेट हे बहुवारिक असते. तेही उष्णतेने मऊ होते. त्याला कोमट व्हिनेगरही ढिले करते. प्लायवुडमधले युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिन मात्र वेगळे. त्याच्या साखळ्या कायमच्या जोडल्या जाऊन जाळे बनते. ते वितळत नाही; इस्त्री फिरवत बसलात तर लाकूड करपेल, डिंक नाही. असा थर घट्ट असेल तर तो काढूच नये, घासून त्यावरच नवा थर लावावा. घासताना तोंडाला मास्क हवा, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे.

सरसाचा ठिसूळपणाही उपयोगी पडतो. स्पिरिटचे थेंब कडेतून आत सोडले, की अल्कोहोल सरसातले पाणी ओढून घेते. सरस कडक होऊन तडकतो आणि थर सुटतो. स्पिरिट पेटते, म्हणून जवळ विस्तव किंवा इस्त्री नको. शिवाय ते पॉलिशही विरघळवते, तेव्हा आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहावे.

काकांनी टेबलाचे सगळे व्हिनियर काढलेच नाही. घट्ट भाग तसाच ठेवला. फुग्यांवर रेषेच्या दिशेने पात्याने चीर दिली, आत पातळ सरस सोडला, कागद ठेवून वरून वजन दिले. नवा थर लागला तो फक्त मी बिघडवलेल्या कडेला. सरस पाण्याने सुटतो हा त्याचा दोष मानला जातो; पण सुटतो म्हणूनच वस्तू दुरुस्त होते. कधीच न सुटणाऱ्या डिंकाची वस्तू बिघडली, की बहुतेकदा भंगारात जाते.

वर्गात करून पाहण्यासाठी: आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांच्या जोड्या घ्या. काही जोड्या गरम पाण्यात विरघळवलेल्या दाट जिलेटिनने, काही पांढऱ्या डिंकाने, काही इपॉक्सीने चिकटवा. दोन दिवस वाळू द्या. प्रत्येक प्रकारची एक जोडी थंड पाण्यात, दुसरी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. दर पाच मिनिटांनी हलकेच ओढून पाहा आणि वेळ नोंदवा. कोणती जोडी आधी सुटते? आणि ती थंड पाण्यात का टिकते, किंवा टिकत नाही? उत्तर विद्यार्थ्यांनी रेणूंच्या भाषेत द्यावे.