घाटाखालच्या उन्हात फ्रीझर

बुलढाणा जिल्ह्यात कुणालाही गाव विचारले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याच्या डोंगररांगेवर सुमारे ६५० मीटर उंचीवरचे बुलढाणा शहर आणि चिखली-मेहकरचा पठारी मुलूख हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातला सखल पट्टा घाटाखालचा. वैशाखात या पट्ट्यात पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो, स्वयंपाकघर दुपारी भट्टीसारखे तापते आणि त्याच महिन्यांत वादळवाऱ्याने वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. फ्रीझरचे बहुतेक सल्ले थंड हवेच्या, अखंड विजेच्या देशांतून आलेले आहेत. तिथे फ्रीझर म्हणजे वर्षाची कोठी असू शकते. आपल्याकडे तो कोठी म्हणून वापरला की फसतो. मोजक्या वस्तू, ठरलेली मुदत आणि सतत चालणारी ये-जा या तीन अटींवरच या उन्हात फ्रीझर कामाचा ठरतो.

त्यासाठी गोठवल्याने नेमके काय होते हे आधी समजून घ्यायला हवे. अन्न दीर्घकाळ गोठवून ठेवण्यासाठी जगभर मानलेले तापमान आहे उणे १८ अंश सेल्सिअस. या थंडीत जंतूंची वाढ थांबते, पण सगळे जंतू मरत नाहीत. अन्न वितळून कोमट झाले की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणून गोठवण्यापूर्वी अन्न जितके स्वच्छ आणि ताजे, तितकेच ते बाहेर काढल्यावर राहील. शिळे अन्न फ्रीझरमध्ये ठेवून ताजे होत नाही. दुसरी गोष्ट बर्फाच्या कणांची. अन्न सावकाश गोठले तर आतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि वितळल्यावर भाजी लिबलिबीत होते. झटकन गोठले तर स्फटिक बारीक राहतात. क्लॅरेन्स बर्डसाय या अमेरिकन माणसाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅनडातल्या लॅब्रेडोरच्या कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठणारे मासे पाहिले. शिजवल्यावर ते ताज्यासारखेच लागत. त्यावरून त्याने जलद गोठवण्याची पद्धत बसवली आणि १९३० मध्ये असे अन्न अमेरिकेतल्या दुकानांत विक्रीला आले. घरच्या फ्रीझरला तो वेग गाठता येत नाही, पण पाकिटे पातळ आणि चपटी केली तर त्याच्या बरेच जवळ जाता येते.

आता आपल्या घरातला फ्रीझर काय करू शकतो ते पाहू. फ्रीझरच्या कप्प्यावर कधी कधी छोट्या चांदण्या छापलेल्या असतात. एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. विजेच्या बचतीसाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी जे स्टार देते त्यांच्याशी या चांदण्यांचा संबंध नाही. ‘फाइव्ह स्टार’ फ्रीज घेतला म्हणून त्याचा फ्रीझर जास्त थंड असतो असे नाही. गोठवलेला माल एका चांदणीच्या कप्प्यात आठवडाभर, दोन चांदण्यांच्या कप्प्यात महिनाभर आणि तीन चांदण्यांच्या कप्प्यात सुमारे तीन महिने चांगला राहतो, असा जुना ढोबळ हिशेब आहे. एका दाराच्या साध्या फ्रीजमधला वरचा लहान कप्पा बर्फ करतो, म्हणजे तो शून्याच्या खाली आहे एवढेच सिद्ध होते. आइस्क्रीम दगडासारखे घट्ट राहत नसेल, चमचा सहज रुतत असेल, तर तो उणे १८ च्या आसपासही नाही असे समजावे. शिवाय प्रत्येक फ्रीज ठराविक हवामानासाठी बनवलेला असतो. त्याच्या पट्टीवर ‘एन’ असेल तर भोवतालच्या ३२ अंशांपर्यंत, ‘एसटी’ असेल तर ३८ पर्यंत आणि ‘टी’ असेल तर ४३ पर्यंत तो नीट चालावा अशी अपेक्षा असते. घाटाखालच्या मे महिन्यात ही शेवटची मर्यादाही ओलांडली जाते. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटवलेला किंवा गॅसच्या शेगडीशेजारी ठेवलेला फ्रीज त्या दिवसांत हाशहुश करत चालतो आणि तरी आतली थंडी कमी पडते. मागे वितभर मोकळी जागा आणि सावलीची भिंत हा त्याच्या देखभालीचा पहिला आणि बिनखर्चाचा उपाय आहे.

यावर एक आक्षेप लगेच येईल: आपल्याकडे उन्हाळी वाळवणाची एवढी जुनी रीत असताना फ्रीझर हवाच कशाला? आक्षेपात तथ्य आहे. कुरड्या, पापड, मुगवड्या, सांडगे, शेवया, वाळवलेली मेथी, लाल मिरची ही कामे ऊन फुकटात करते आणि वीज गेल्याने त्यांचे काही बिघडत नाही. जे उन्हात टिकते त्याने फ्रीझरची जागा अडवू नये, हा नियम याच आक्षेपातून निघतो. पण काही गोष्टी ऊन टिकवू शकत नाही. मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या ओल्या शेंगा बाजारात येतात. त्यांचे सोले, म्हणजे सोललेले ओले दाणे, वाळले की त्यांची तूर होते, डाळीला जाते; सोलेभाताची आणि सोल्याच्या आमटीची गोडी त्यात उरत नाही. हिवाळ्यात स्वस्त असलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात महागतो. लिंबू नेमके सरबताच्या दिवसांत परवडेनासे होते. आमरसाचे दिवस मोजके असतात. सोले, वाटणापुरता चिरलेला सांबार, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलेला लिंबाचा रस आणि थोडा आमरस एवढ्यासाठी आपला फ्रीझर पुरतो आणि सार्थकी लागतो.

सोल्यांची रीत नीट करण्यासारखी आहे. शेंगा सोलून त्याच दिवशी दाणे उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटे टाकावेत. दाण्यातली जी रसायने थंडीतही रंग आणि चव बिघडवत राहतात, ती या उकळीने निकामी होतात. लगेच गार पाण्यात काढावेत, सुती कापडावर पसरून पुरते कोरडे करावेत, मग स्टीलच्या ताटलीत एकेरी थर करून उघडेच गोठवावेत. दाणे खड्यांसारखे सुटे झाले की एका वेळच्या भाजीपुरते पिशवीत भरून, हात फिरवून हवा काढून, पाकीट तळहाताएवढे चपटे करावे. हवा राहिली तर बर्फ थेट वाफ होऊन उडतो आणि दाणे पांढरट, कोरडे पडतात. लहान फ्रीझरमध्ये एका दिवशी किलोभरापेक्षा जास्त ताजा माल घालू नये, नाहीतर आधीचा मालही सैल पडतो. रस किंवा आमरस डब्यात काठोकाठ भरू नये. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, आणि काचेची बाटली त्यासाठी जागा देत नाही.

गोठवलेल्या भाजीत सत्त्व राहत नाही, हा दुसरा आक्षेप. उकळीत काही क जीवनसत्त्व जाते हे खरे. पण तोडलेली भाजी दोन-तीन दिवस टोपलीत पडून राहिली तरीही ते घटतच असते. गोठवल्यावर ही घट फार मंदावते. तेव्हा तुलना फ्रीझरमधल्या सोल्यांची आणि शेतातून आत्ता आणलेल्या शेंगांची करू नये. चैत्रात शेंगा मिळतच नाहीत, तेव्हा तुलना गोठवलेल्या सोल्यांची आणि सोले नसण्याची आहे.

तिसरा आक्षेप जाणकारांचा: भरलेला फ्रीझर थंडी जास्त धरतो, मग मोजके ठेवा असे का सांगता? वीज गेल्यावर दार बंद ठेवले तर गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरतो, असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा ठोकताळा आहे. फ्रीजमधला लहान कप्पा ४४ अंशांच्या खोलीत त्याच्या जवळपासही पोचणार नाही. थंडी धरायला गोठलेले वजन हवे, आणि ते पाण्याच्या बाटल्यांनीही मिळते. पाऊण भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या रिकाम्या जागी ठेवाव्यात. वीज गेली तर त्या आधार देतात, पाहुणे आले तर जागा सोडतात. विसरलेल्या पाकिटांनी जागा भरण्यापेक्षा हे बरे. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर मात्र आतल्या हवेची जाळी मोकळी ठेवावी. रचना सोपी असावी: भाज्या एका टोपलीत, रस दुसरीत, दूध-मांस सर्वांत खाली आणि वेगळे, नवे पाकीट मागे, जुने पुढे. पाकिटावर नाव आणि महिना लिहावा. एवढा उपद्व्याप कोण करणार असे वाटेल, पण दुधाचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहितोच. फ्रीझरमध्ये काय गेले, काय निघाले याची एक ओळ तिथेच मावते.

वीज जाऊन परत आली की प्रश्न पडतो, आतले अन्न खावे की टाकावे? घरी कुणी नसताना वीज गेली होती का, हे कळायला वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. नाणे बुडालेले दिसले तर मध्ये सगळे वितळून पुन्हा गोठले होते. पाकिटात अजून बर्फाचे कण असतील तर ते पुन्हा गोठवता येते, चव थोडी उतरेल इतकेच. मांस, मासे, दूध, शिजवलेले अन्न मात्र मऊ होऊन दोन तासांहून जास्त वेळ ४ अंशांच्या वर राहिले असेल तर टाकून द्यावे. वास येत नाही म्हणून ते चांगले आहे असे मानू नये. आजारी पाडणाऱ्या जंतूंना बहुधा वास नसतो.

उरली साफसफाई. मृग लागला की हवेत दमटपणा येतो आणि दार उघडताना तो आत जाऊन भिंतींवर बर्फ धरतो. हा थर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड झाला की थंडी अडते आणि बिल वाढते, कारण मशीनला तेवढ्याच थंडीसाठी जास्त वेळ चालावे लागते. तेव्हा फ्रीज बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. सुरी किंवा उलथन्याने खरवडू नये. आतली नळी फुटली तर गॅस जातो, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये तो पेट घेणारा असतो. नंतर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून पुसावे. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. तो सहज ओढला गेला तर रबर ढिले आहे. ही सफाई वर्षातून दोनदा, एकदा आमरसाच्या आधी आणि एकदा सोल्यांच्या आधी केली की जुने काय उरले तेही हाती लागते.

फ्रीझरचा हिशेब आत किती मावले यावर आपण करतो, तो बाहेर काढून किती खाल्ले यावर करायला हवा. ताटभर सोले सोलायला घरातल्या बाईची अख्खी दुपार जाते. ते पाकीट तळाशी विसरले गेले आणि दिवाळीत टाकावे लागले तर ती दुपार, ती शेंग आणि वर्षभराची वीज, तिन्ही वाया गेली. नव्या शेंगा येण्याआधी जुने सोले संपलेले असणे, हीच फ्रीझर नीट लावल्याची खूण आहे. आणि ते संपवण्याची आठवण ठेवणे हे एकट्या गृहिणीचे नव्हे, त्या ताटावर बसणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.