ओला कापूस

डिसेंबरातली सकाळ होती. रात्रभर अवकाळी पावसाची भुरभुर चालली होती आणि वारा अंगाला झोंबत होता. मूर्तिजापूरच्या स्टेशनाकडून सायकल काढली, तर चहाच्या टपरीवरची ओळखीची मंडळी हसू लागली. ‘‘गुरुजी, हे काय घातलं? सर्कशीत चालले काय?’’ साठी ओलांडलेल्या निवृत्त मास्तरानं पायाला चिकटून बसणारी काळी विजार घालून रस्त्यावर यावं, हे आमच्या गावाला अजून पचलेलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाही ते पचायला तीस वर्षं लागली.

मी सायकल शिकलो ती हौसेखातर नव्हे. शाळा कारंजा रस्त्यावरच्या एका खेड्यात, घरापासून अकरा किलोमीटर. तेव्हा यवतमाळची ‘शकुंतला’ धावत होती. पण तिच्या वेळेवर शाळेची घंटा वाजवणं कुणालाच शक्य नव्हतं. म्हणून सायकल. आणि सायकलवर पायात काय घालायचं, हा प्रश्न आमच्या घरी फार पूर्वी निकालात निघालेला होता. सुती.

बाबा कापूसवाले. १९७२ साली एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हापासून केंद्रावरच्या बंड्यांच्या रांगेत रात्री काढलेले. टेरिकॉटचं कापड ते उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. ‘‘ज्याच्या वावरात कापूस पिकते, त्यानं पलास्टिक घालावं काय?’’ हा त्यांचा सवाल. त्याला उत्तर द्यायची माझी छाती नव्हती.

नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात ते उत्तर पावसानं दिलं. शाळा सुटल्यावर निघालो आणि अर्ध्या वाटेत अवकाळी सरींनी गाठलं. अंगात जाड सुती पँट. ती भिजली, जड झाली, मांडीला चिकटली आणि समोरचा वारा तिच्यातून आरपार जाऊ लागला. शेवटच्या दोन किलोमीटरांत गुडघ्याखाली पाय आहेत की नाहीत, तेच कळेना. घरासमोर उतरताना पाय टेकला तो टेकलाच नाही. सायकलसकट आडवा झालो. आईनं गरम पाणी आणलं. बाबांनी पँटीची कड हातात धरून पिळली, धार लागली. म्हणाले, ‘‘ओला कापूस ग्रेडर हातात घेत नाही, अन् तू पायाले गुंडाळून आला!’’ पुढच्या बाजारी ते स्वतःच टेरिकॉटचं कापड घेऊन आले. त्यावर काही बोलले नाहीत.

यामागचं शास्त्र मला पुढे मुलांना शिकवताना कळलं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि अंगावरचं ओलं कापड वाळताना त्यातली बरीचशी आपल्याच अंगातून ओढून घेतं. भिजल्या पँटीत पाव लिटर पाणी राहिलं असं धरा. ते सगळं अंगाच्या उष्णतेनं वाळायचं तर जवळजवळ एका भाकरीची ऊब खर्ची पडते. त्यात सायकलचा वेग. हवा स्थिर असली तरी सायकलस्वाराला समोरून वारा लागतोच. गुडघ्यावर मांस थोडं, चरबी त्याहून थोडी. तो गारठला की आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यानं दिवसाला हजारो वेळा पायडल मारायचं असतं.

कापडाचं म्हणाल तर नेहमीच्या हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, लोकर १६ टक्के आणि पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आता कुणी म्हणेल, मग लोकर सगळ्यात वाईट! तसं नाही. लोकरीचा तंतू कुरळा असतो. ओलावा पोटात घेऊनही तंतूंच्या मधली हवा तो बरीचशी धरून ठेवतो, आणि ऊब त्या हवेत असते. आमच्याकडे मेंढ्या घेऊन येणारे धनगर भर पावसात घोंगडी पांघरून का उभे राहतात, याचं उत्तर इथं आहे. सुती कापड मात्र भिजलं की लोळागोळा होऊन कातडीला चिकटतं आणि हवेला जागाच उरत नाही. उन्हाळ्यात हाच गुण आपल्याला थंडावा देतो. वऱ्हाडच्या मे महिन्यात सुती कपड्याला तोड नाही, हे मी बाबांइतक्याच ठासून सांगेन.

पण सगळी ओल सारखी नसते. जुलै-ऑगस्टची ओल ऊबदार असते. तेव्हा पाय झाकण्यापेक्षा उघडे ठेवलेले बरे. धोतर गुडघ्यावर खोचून निंदणीला जाणारा शेतकरी हे जाणतो. कातडी कापडापेक्षा लवकर वाळते. त्या दिवसांत मी अर्धी चड्डी घालून निघे आणि पँट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅरिअरला लावी. शाळेच्या मागच्या खोलीत कपडे बदलले की झालं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हाचा पाऊस वेगळा. तेव्हा गुडघा झाकलाच पाहिजे, आणि भिजला तरी ऊब सोडणार नाही अशा कापडानं.

रेनकोटाच्या विजारीवर माझा फार भरवसा नाही. ती बाहेरचं पाणी अडवते, तसा आतला घामही अडवते. अर्धा तास चढावर सायकल हाणली की माणूस आतून भिजतो. थोड्या अंतराला ती चालेल, लांबच्या वाटेला नको. त्यापेक्षा चाकाला लांब मडगार्ड लावावं. आमच्या काळ्या मातीचा चिखल वरून कमी आणि चाकावरून जास्त येतो.

ही काळी विजार पुतण्यानं दिली. तो ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरी करतो. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. आमच्या विदर्भातलेच, नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक अशी नऊ हजारांवर किलोमीटरची शर्यत सायकलीवर पुरी करून आले, हे त्यानंच मला सांगितलं. विजारीचं कापड पॉलिस्टरचं, आतून लवदार, पायाला घट्ट. भिजते, पण पाणी धरून बसत नाही. घट्ट असल्यानं चेनमध्येही जात नाही.

चेनची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जुने लोक पायघोळ लेंग्याला पोलादी क्लिप लावत, नाहीतर ट्यूबचं रबर बांधत. निदान पायमोज्यात तरी खोचत. मुलींना हे कुणी सांगितलंच नाही. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. चांगली योजना. पण सायकल आली आणि गणवेशाची सलवार होती तशीच घोळदार राहिली. आमची एक नववीची मुलगी पावसात घरी जाताना पडली. ‘‘सर, सलवार चेनमंदी गेली,’’ एवढंच ती सांगत होती. मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण तिच्या वडिलांनी सायकल आढ्याला टांगली ती टांगलीच. चार किलोमीटर रोज पायी कोण जाणार? दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही.

मी घट्ट चुडीदाराची सूचना मांडली. गणवेश तो गणवेश, असं ठरलं. पुढच्या वर्षी एका शिंप्याला विचारलं. त्यानं सलवारीच्या मोहरीला आतून दोन टिचबटणं लावून दिली. सायकलवर बसताना लावायची, वर्गात जाताना सोडायची. गणवेशही राहिला आणि पायही. खर्च चहाच्या कपाएवढा. एवढी साधी गोष्ट मला एक वर्ष उशिरा सुचली, हे अजून टोचतं.

आता रस्ते गुळगुळीत झाले. जून २०२२ मध्ये लोणी ते माना पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घातला गेला आणि आमच्या भागाचं नाव गिनेस बुकात गेलं. गाड्याही तशाच धावतात. म्हणून घोट्याला चमकणारी पट्टी बांधावी. वरखाली होणारा पाय गाडीवाल्याला लवकर दिसतो.

शाळा उघडताना मुलीसाठी कपडे घ्याल, तेव्हा आरशासमोर उभं करून पाहाल, ते पाहाच. पण घरी आल्यावर एकदा ते भिजवून, पिळून किती वेळात वाळतात तेही पाहा. मग तिला सायकलवर बसवून पायडल फिरवायला सांगा, आणि नजर मोहरीवर ठेवा. टपरीवरचे हसतील, हसू द्या.